काकांच्या स्लाइडमधली निळी कॅमारो : ही येन्को आहे का?

माळ्यावरची पेटी (धागाकर्ता)

धाकट्या काकांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात काकूने माळा आवरायला काढला, तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रंगीत स्लाइड सापडल्या. साठ-सत्तर तरी असतील. काका १९६७ मध्ये शिकायला पिट्सबर्गला गेले आणि १९७१ मध्ये परत आले. त्या चार वर्षांबद्दल ते फारसं बोलत नसत, त्यामुळे हा डबा म्हणजे आम्हाला त्यांचं एक न पाहिलेलं आयुष्यच मिळाल्यासारखं आहे.

बहुतेक स्लाइड नेहमीच्याच आहेत : बर्फ, वसतिगृहातले मित्र, नायगारा. पण १४ आणि १५ नंबरच्या दोन स्लाइडमध्ये काका एका निळ्या गाडीजवळ उभे आहेत. कोडॅकची कोडॅक्रोम फिल्म, पुठ्ठ्याचं माउंट म्हणजे चौकट, त्यावर सप्टेंबर ६८ असा छाप. १४ मध्ये गाडी मागच्या कोपऱ्यातून दिसते, १५ मध्ये समोरून. गाडी शेव्हर्लेची कॅमारो आहे एवढं मला कळलं. डिकीवर नावाची एक छोटी पट्टी आहे. स्कॅन खूप मोठा केल्यावर अक्षरं धूसर दिसतात : आधी इंग्रजी वाय, मग ईसारखं काहीतरी, मग स्वच्छ के आणि त्याला लागून काहीतरी गोल.

नेटवर शोधलं तर येन्को हे नाव आलं. येन्कोचं गाड्यांचं दुकान पिट्सबर्गजवळच होतं म्हणतात. काका येन्को कॅमारोशेजारी उभे होते का? जाणकारांनी सांगावं. स्कॅन जोडले आहेत.

पिट्सबर्गकर

धागा वाचून अंगावर काटा आला. मी इथे बावीस वर्षं राहतो आणि येन्कोचं दुकान होतं ते कॅनन्सबर्ग माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जनरल मोटर्सचा तेव्हा स्वतःवर घालून घेतलेला नियम होता की कॅमारो किंवा शेव्हेलसारख्या लहान-मध्यम गाडीत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यामुळे कॅमारोत कारखान्यातून मिळणारं सर्वांत मोठं इंजिन ३९६ घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं. पण कॉर्व्हेट आणि मोठ्या इम्पालाला नियम लागू नव्हता. त्यांच्यासाठी ४२७ घनइंचांचं, सात लिटरचं इंजिन त्याच कंपनीत बनत होतं आणि बाहेरून ते ३९६ च्याच घडणीचं होतं. जे ३९६ साठी बसतं ते ४२७ साठीही बसतं. मग शर्यतींचा नाद असलेल्या काही डीलरांनी हे काम आपल्याच वर्कशॉपमध्ये सुरू केलं. नवी कॅमारो यायची, तिचं इंजिन उतरवायचं, ४२७ चढवायचं आणि ती दुकानातूनच नवी गाडी म्हणून विकायची. डॉन येन्को त्यातला सर्वांत प्रसिद्ध. तो स्वतः रेसर होता, वडिलांची शेव्हर्लेची डीलरशिप होती. १९६६ च्या शर्यतींसाठी त्याने शेव्हर्लेच्याच कॉर्व्हेअर गाडीवर आधारलेल्या शंभर ‘स्टिंगर’ बनवल्या, कारण शर्यतीत उतरायला तेवढ्या बनवणं भाग होतं. १९६७ पासून तो ४२७ च्या कॅमारो विकायला लागला.

१९६९ साली तर त्याने कंपनीलाच गळ घातली. ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’, म्हणजे कोपो, ही खरं तर टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसारख्या खास मागण्यांची वाट होती. त्या वाटेने ४२७ इंजिनं कारखान्यातच बसून आली. अशा सुमारे दोनशे येन्को कॅमारो त्या एका वर्षात झाल्या. अंगावरचे लांब पट्टे आणि सीटच्या डोकेटेकूवर एस-वाय-सी ही अक्षरं, हे आपण चित्रांत नेहमी बघतो. पण ते १९६९ चं. सप्टेंबर ६८ च्या स्लाइडमध्ये ते शोधू नका.

तुमची गाडी येन्को निघाली तर मला फार आनंद होईल. पण घाई नको.

जुनं इंजिन

पिट्सबर्गकरांचं शेवटचं वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचा. घाई नको.

डिकीवरचं नाव सगळ्यांत शेवटी बघायचं. आधी गाडी कुठल्या सालची ते पक्कं करायचं, कारण नावाची पट्टी पाच मिनिटांत लागते, पत्रा बदलत नाही. पहिल्या पिढीची कॅमारो तीनच मॉडेल-वर्षं होती आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात. १९६७ ला दारांच्या काचेपुढे लहान तिकोनी काच असते, आपल्या अॅम्बॅसॅडरला असायची तशी. १९६८ ला ती गेली आणि सलग एक काच आली. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने गाडीच्या कडेला दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे केले, म्हणून १९६८ च्या गाडीवर पुढच्या आणि मागच्या मडगार्डवर छोटे दिवे दिसतात, १९६७ वर काहीच नाही. १९६९ ला अंगच बदललं. चाकांच्या कमानींवरून मागे ओढल्यासारख्या धारदार रेघा आल्या. एवढ्यावर नव्वद टक्के फोटोंचं काम होतं, मग फोटो कितीही अंधूक असो.

आणखी एक. माउंटवरचा महिना हा फिल्म धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहिलेला असू शकतो. पण धुतल्यानंतर फोटो काढता येत नाही, म्हणून छाप ही वरची मर्यादा म्हणून घ्यायची.

पेटीकार, तीन गोष्टी सांगा. तिकोनी काच आहे का? कडेला दिवे आहेत का? आणि समोरच्या फोटोत बॉनेटवर काय आहे?

माळ्यावरची पेटी

आताच भिंग घेऊन बघितलं. तिकोनी काच नाही. कडेला दिवे आहेत, पुढे आणि मागे. बॉनेटवर दोन्ही बाजूंना चार-चार छोटी चौकोनी तोंडं एका ओळीत आहेत, क्रोमची. नाकाभोवती पांढरा पट्टा आहे. मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीच्या पोटाखाली एक जाड पट्टीसारखं काहीतरी लोंबतंय. तो सायलेन्सर नक्कीच नाही.

जुनं इंजिन

वा. म्हणजे १९६८ ची कॅमारो एसएस (सुपर स्पोर्ट, जास्त ताकदीची आवृत्ती) आणि मुळात ३९६ ची. चार-चार तोंडांची ती शोभेची पट्टी १९६८ मध्ये एसएस ३९६ च्या बॉनेटवर असायची. ३५० इंजिनवाल्या एसएसची वेगळी होती.

पोटाखालची पट्टी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याला ट्रॅक्शन बार म्हणतात. या कॅमारोला मागे पाट्याच्या स्प्रिंगा होत्या. इंजिनचा जोर अचानक आला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो, पाटे इंग्रजी एससारखे वाकतात आणि चाकं रस्त्यावर टपटप उड्या मारतात. ते थांबवायला पाट्यांखाली हा दांडा बसवत. शोरूममधून घेऊन घरी जाणारा माणूस हे बसवत नाही. ही गाडी कुणीतरी पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी तयार केली आहे.

शिवणटिपण

मला गाड्यांमधलं काहीही कळत नाही, पण धागा वाचते आहे. माझे वडील शिंपी होते, लहानपण दुकानातच गेलं. एक विचारू का?

तुमच्या काकांच्या शर्टाचा खिसा दोन्ही फोटोंत उजवीकडे आहे. पुरुषांच्या शर्टाला एक खिसा असला तर तो डाव्या छातीवर असतो. बटणपट्टीही उलटी आहे, डावी बाजू खाली गेली आहे. पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू वर येते. घड्याळही उजव्या मनगटावर. काका डावखुरे होते का? तसे असले तरी खिसा आणि बटणपट्टी बदलत नाही. मला वाटतं फोटोच उलटा आहे.

माळ्यावरची पेटी

ताई, काका डावखुरे नव्हते.

माउंट पुन्हा काढून बघितलं. एका बाजूला बारीक इंग्रजीत छापलंय की ही बाजू पडद्याकडे ठेवा. मी दोन्ही स्लाइड स्कॅनरमध्ये नेमक्या उलट्या घातल्या होत्या. सबंध डबा तसाच स्कॅन केला असणार. आता दोन्ही सरळ करून जोडतो आहे.

पिट्सबर्गकर

मीही ते फोटो दहा वेळा बघितले आणि मला कळलं नाही, याचं कारण आत्ता लक्षात आलं. समोरच्या फोटोत काचेतून स्टिअरिंग दिसतंय. उलट्या स्कॅनमध्ये ते गाडीच्या उजव्या बाजूला होतं. अमेरिकन माणसाला ते पहिल्या नजरेत खटकलं असतं. आपण उजव्या हाताच्या स्टिअरिंगवर वाढलो, बावीस वर्षांनंतरही डोळा अजून तसाच आहे. आपल्या घरातले जुने परदेशी फोटो बघताना हे लक्षात ठेवायला हवं : स्टिअरिंग ‘बरोबर’ वाटलं तर शंका घ्यायची.

आणि आता डिकीवरची पट्टी वाचा. सरळ केलेल्या फोटोत ते नाव वायपासून सुरू होत नाही, वायवर संपतं. एन, आय, सी, के, ई, वाय. सगळी अक्षरं सरळ झाली, फक्त एक के उलटा झाला.

हे निकी आहे. शिकागोचं निकी शेव्हर्ले. त्यांच्या बोधचिन्हात के हे अक्षर मुद्दाम उलटं लिहिलेलं असायचं, तीच त्यांची ओळख होती. उलट्या स्कॅनमध्ये बाकी अक्षरं उलटली आणि तो उलटा के तेवढा सरळ झाला, म्हणून तुम्हाला तो ‘स्वच्छ’ दिसला. शेवटचा वाय पहिला आला, वाय आरशातही वायच दिसतो. त्यानंतर ई, मग के, आणि के ला चिकटलेला उलटा सी धूसर असल्यामुळे ओसारखा दिसला. येन्को वाचणं अगदी साहजिक होतं. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच वाचलं असतं.

लेकव्ह्यू

शिकागोहून लिहिते आहे. नंबरप्लेटही आता वाचता येते. नंबर इथे लिहिणार नाही, तुम्हीही फोटोत तो झाकून टाका. पण तळाशी ‘लँड ऑफ लिंकन’ आहे, म्हणजे इलिनॉय. आणि कोपऱ्यात ६८. इलिनॉयमध्ये तेव्हा दरवर्षी नवी प्लेट मिळायची आणि तिच्यावर साल असायचं, त्यामुळे फोटो १९६८ मधलाच हेही पक्कं झालं. माउंटवरचा छाप आणि प्लेट एकमेकांना दुजोरा देतात.

निकीची जागा इथे अर्व्हिंग पार्क रोडवर होती. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटीच ते शर्यतींत उतरले होते, त्यांची जांभळी कॉर्व्हेट जिम जेफर्ड्स चालवायचा आणि त्याने १९५८ आणि १९५९ ची राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली होती. १९६७ मध्ये कॅमारो आल्याबरोबर ४२७ बसवणाऱ्या पहिल्या काही दुकानांत निकीचं नाव घेतात. शर्यतीच्या गाड्या घडवणारा, कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचा बिल थॉमस त्यांच्याबरोबर होता. डिक हॅरेल हा ड्रॅग रेसरही (म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतींतला) काही काळ तिथे होता, नंतर तो कॅन्सस सिटीला गेला.

काका पिट्सबर्गहून शिकागोला कसे आले असतील, याचा काही पत्ता आहे का?

माळ्यावरची पेटी

काकूला फोन केला. ती म्हणाली, त्यांचे एक वर्गमित्र शिकागोला नोकरीला लागले होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काका बसने त्यांच्याकडे गेले होते. गाडी मित्राची की रस्त्यावर दिसलेली, हे तिला माहीत नाही.

म्हणजे आता असं म्हणायचं का, की ही निकीची ४२७ कॅमारो आहे?

जुनं इंजिन

नाही. अजून नाही. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण लोक नेमके याच पायरीवर घसरतात.

डिकीवरची पट्टी काय सांगते? ही गाडी निकीने विकली. एवढंच. अमेरिकेत बहुतेक डीलर आपल्या नावाची पट्टी लावायचे. निकी हे शेव्हर्लेचं अवाढव्य दुकान होतं. तिथून गेलेल्या बहुतेक गाड्या घरी दूध-भाजी आणणाऱ्या साध्या गाड्या होत्या. उलट बाजूनेही सांगतो : येन्कोच्या गाड्या दुसऱ्या गावांतले डीलरही विकायचे, त्यामुळे खऱ्या येन्कोवर दुसऱ्याच दुकानाची पट्टी असू शकते.

बरं, ट्रॅक्शन बार? तो निकीच्या वर्कशॉपने लावला असेल, नाहीतर मालकाने शनिवारी दुपारी अंगणात लावला असेल. निकी हे सगळं सामान काउंटरवरही विकायचं. मडगार्डवर ४२७ चा बिल्ला असता तरी मी मान्य केलं नसतं, कारण मोठ्या इम्पालासाठी तो कंपनीच्या सुट्या भागांत मिळत होता. आणि बॉनेट उघडं असतं तरी ४२७ आणि ३९६ बाहेरून सारखेच दिसतात. फरक सिलिंडरच्या पोटात आहे.

काही डीलरांचं काम तर मुळातच अदृश्य होतं. मिशिगनमध्ये रॉयल ओक इथे रॉयल पॉन्टिअक हे पॉन्टिअक गाड्यांचं दुकान होतं. पॉन्टिअकच्या जाहिराती करणाऱ्या जिम वँगर्सच्या पुढाकाराने तिथे ‘बॉबकॅट’ नावाचं पॅकेज विकलं जायचं. त्यात काय करायचे? हेड गॅस्केट पातळ घालायचं, कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे, डिस्ट्रिब्यूटरचं टायमिंग नव्याने लावायचं. गाडी पळायला लागायची, पण बाहेरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. दिसायचा तो फक्त बॉबकॅटचा बिल्ला, आणि ते नावही बॉनव्हिल आणि कॅटालिना या पॉन्टिअकच्याच दोन गाड्यांच्या नावांतली अक्षरं जुळवून केलेलं. पॉन्टिअकच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आजही मिळतात, पण रॉयलच्या मागच्या खोलीत मेकॅनिकने काय केलं ते त्यात कुठून असणार?

याच्या अगदी उलट टोकाला लाँग आयलंडचं बाल्डविन-मोशन. बाल्डविन शेव्हर्ले गाडी द्यायचं आणि जोएल रोझनचं मोशन परफॉर्मन्स ती घडवायचं. त्यांची ‘फेज थ्री’ गाडी पाव मैल साडेअकरा सेकंदांत पार करेल अशी हमी असायची. पट्टे, बॉनेट, बाजूचे पाइप, सगळं डोळ्यांत भरणारं. फोटोत ओळखायला सोपी. आणि म्हणूनच नक्कल करायलाही सर्वांत सोपी.

मी बारा-तेरा वर्षं असे फोटो बघतो आहे. त्यातून एक सवय लागली आहे, ती तुम्हा सर्वांना मनापासून सांगतो. फोटोत जे दिसतं त्याचे तीन ढीग करायचे. पत्र्यातलं, म्हणजे जे कारखान्याशिवाय कुणी केलं नसतं. बोल्टने लावलेलं, म्हणजे जे कुणीही करू शकतं. आणि गाडीबाहेरचं : नंबरप्लेट, मागची पाटी, रस्ता, माणसांचे कपडे. खोट्या गाडीत पहिले दोन ढीग जुळवता येतात. तिसरा ढीग १९६८ मध्ये कुणी जुळवून ठेवलेला नसतो. म्हणून तुमच्या काकांची स्लाइड मोलाची आहे. त्यांना गाडी सिद्ध करायची नव्हती. ते फक्त तिच्याजवळ उभे राहिले.

गच्चीवरचा

एक प्रामाणिक प्रश्न. इतकी चिकित्सा कशासाठी? मालक तर अमेरिकेत कुठेतरी. गाडी कदाचित भंगारात गेली असेल.

जुनं इंजिन

कारण गाडीवर दुसरा पुरावा नसतो. शेव्हर्लेच्या त्या वर्षांच्या चासी नंबरात इंजिन कुठलं हे लिहिलेलंच नाही. कुठलं मॉडेल, कुठल्या सालची, आठ सिलिंडर आहेत, कुठल्या कारखान्यात बनली, एवढंच. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या कॅमारोंच्या कारखान्यातल्या नोंदी मिळत नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या मिळतात. डीलरने केलेले बदल तर कारखान्यात गेलेच नव्हते. दुकानं बंद झाली, बिलं गेली. आणि साध्या कॅमारोवर पट्टे लावून खऱ्याच्या भावात विकणारे आहेत. अशा वेळी कुठल्यातरी डब्यातली स्लाइड हा त्या गाडीचा एकमेव साक्षीदार असू शकतो. नंबरप्लेट वाचता येणारी स्लाइड तर फारच दुर्मीळ. पेटीकार, मूळ स्लाइड जपा. सिलिका जेलच्या पुड्या घाला, डबा पत्र्याचा नको, आणि बुरशी दिसली तर घरी पाण्याने पुसायला जाऊ नका.

पिट्सबर्गकर

एक भर. रंग बघताना ही कोडॅक्रोम आहे हे तुमचं नशीब. त्या काळच्या कागदी रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवूनही विटतो आणि सगळं चित्र लालसर होतं. तशा प्रिंटवरून निळी गाडी जांभळट किंवा राखाडी आहे असं म्हणणारे खूप भेटतात. कोडॅक्रोम अंधारात टिकते. तुमची निळी खरंच निळी होती.

शिवणटिपण

बाकीच्या स्लाइडही सरळ करा हं. नायगाराच्याही.

माळ्यावरची पेटी

सगळ्यांचे आभार. जुनं इंजिन यांनी सांगितल्याप्रमाणे डब्याच्या झाकणावर एवढंच लिहून ठेवलं आहे : ‘१९६८ ची कॅमारो एसएस ३९६, शिकागोच्या निकीने विकलेली, शर्यतीसाठी बदललेली. कोणी बदलली ते ठरलेलं नाही. इंजिन बदललं का तेही ठरलेलं नाही.’ धाग्याचं नाव बदलत नाही, म्हणजे पुढे कुणी येन्को शोधत आलं तर त्यालाही उलटी स्लाइड तपासावीशी वाटेल.

रविवारी सरळ केलेला फोटो छापून काकूकडे घेऊन गेलो. पहिला, उलटा छापलेला फोटो मी तिला महिन्यापूर्वीच दिला होता. तेव्हा तिने तो बराच वेळ हातात धरला होता आणि नंतर काही न बोलता टीव्हीच्या मागे ठेवला होता. मला वाटलं, आठवणीने भरून आलं असेल.

या वेळी तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मग म्हणाली, ‘अरे, त्या फोटोत ह्यांचा भांग चुकीच्या बाजूला होता. मला वाटलं, लग्नाआधी वेगळा पाडत असतील.’

नवा फोटो तिने देवघराशेजारच्या भिंतीवर लावून घेतला. गाडी अर्धी फ्रेमबाहेर गेली आहे, कारण चौकट तिच्याकडे होती तीच वापरायची होती.

जुनं इंजिन

गाडी गेली तर जाऊ द्या. पण मूळ स्लाइडचा मोठा स्कॅन मला व्यनि (खासगी निरोप) करा, नंबर न झाकता. शिकागोतल्या निकीच्या गाड्यांचे जुने फोटो मी जमवत असतो. तो नंबर दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसतो का ते बघतो.